कप जमतात, पण सगळे सारखेच आणि जड. पुढे काय करू?

ओलीमाती:
तीन वर्षं कुंभाराच्या चाकावर काम चालू आहे. स्टोनवेअर माती (जास्त उष्णतेला घट्ट भाजणारी), इलेक्ट्रिक भट्टी, कोन ६ (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, भाजणी किती झाली ते दाखवणारा). कप सरळ निघतात, पण वर्षापूर्वीचा आणि कालचा शेजारी ठेवला तर फरक सांगता येत नाही. हातात जड लागतात. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) विकतचं. माती बदलू, की नवे आकार घेऊ? शिवाय पाचातल्या एकाच्या बुडाला एस आकाराची चीर जाते.

भट्टीराखण:
माती अजिबात बदलू नका. वाळताना-भाजताना होणारं आकुंचन बदलेल, ग्लेझ बसणार नाही आणि सहा महिने त्यातच जातील.

५०० ग्रॅमचे वीस गोळे करा, अंदाजाने नाही, काट्यावर तोलून. प्रत्येकाचं १५ सेंमी उंच नळकांडं ओढा आणि तारेने उभं चिरा. वीसच्या वीस. एखादं छान निघालं म्हणून वाचवायचं नाही, तेच नेमकं चिरायचं. चिरलेल्या कडेवर जडपणा कुठे आहे ते दिसतं. बहुतेक वेळा वर भिंत ४ मिमी आणि बुडाच्या कोपऱ्यात १२ मिमी असते. पहिल्या ओढीला आतलं बोट कोपऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून. बाहेरच्या बोटाने अगदी तळाशी खाच घ्या, तिच्यावर मातीचं वळं फुगेल, ते वळं कडेपर्यंत न सोडता वर न्या. तीन ओढींत काम झालं पाहिजे. सहा-सात लागल्या की माती पाणी पिते आणि भांडं कंबरेत बसतं.

एसची चीर: गोळा उघडताना माती बाहेर ढकलली जाते, मध्यावर दाब पडतच नाही. उघडल्यावर रिब (हातात धरायची चपटी पट्टी) घेऊन कडेकडून मध्याकडे पाच-सहा वेळा दाबा. तळ ६ मिमी ठेवा, आत साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. कड वाळली आणि तळ ओला राहिला तरीही चीर जाते, म्हणून कड धरू लागली की भांडं पालथं घाला.

लाल_काळी:
नळकांडी चिरून भिंत सुधारेल, कप तरीही कंटाळवाणाच राहील. तुमचे कप सारखे दिसतात कारण भिंत तळापासून कडेपर्यंत कुठे वळायचं हे ठरवतच नाही.

पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या उत्खननात सापडलेली जोर्वे संस्कृतीची भांडी बघा. तीन हजार वर्षांपूर्वीची, लाल अंगावर काळी नक्षी. नक्षी सोडा, वाटीची बाह्यरेषा पकडा. भिंत वर येता येता एका ठिकाणी मोडते आणि दिशा बदलते. त्या एका मोडीमुळे सावली पडते, बोट थांबतं, वाटी भरलेली वाटते. वहीत फक्त अर्धी बाह्यरेषा काढा, मग तीच मोड तळापासून एक तृतीयांश, अर्ध्यावर आणि दोन तृतीयांशावर घेऊन तीन-तीन वाट्या करा. नऊ वाट्या एका फळीवर ठेवल्या की कुठली जिवंत आहे ते विचारावं लागत नाही.

कान शेवटी चिकटवायची वस्तू समजू नका. कप चामड्यासारखा घट्ट झाला की कान ओढा, लावा आणि दोन्ही एकत्र प्लास्टिकमध्ये रात्रभर झाका. कप कोरडा आणि कान ओला असला तर जोडाशी तडा ठरलेला.

आणखी एक हिशोब: आकुंचन १२ टक्के असेल तर उंची ०.८८ पट होते, पण आतली जागा ०.६८ पट. भाजल्यावर ३०० मिली चहा मावायला हवा तर ओला कप ४४० मिलीचा लागतो. ‘कप लहानच निघतात’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

राखग्लेझ:
विकतचं ग्लेझ वाईट नाही, पण त्यात काय आहे हे कळत नाही तोवर ते बदलता येत नाही. कोन ६ चं एक साधं पारदर्शक ग्लेझ स्वतः तोला. ३०० ग्रॅमचे दोन डबे, दोन्हीत पाणी सारखं. दुसऱ्यात ३० ग्रॅम लाल आयर्न ऑक्साइड. आता मापाने मिसळा: दहा भाग पहिलं, मग नऊ-एक, आठ-दोन, असं दुसऱ्यापर्यंत. अकरा तुकडे होतात. फिक्क्या मधापासून गडद तपकिरीपर्यंतचा प्रवास एका भाजणीत दिसतो.

तुकडे आडवे नकोत. तळ नसलेलं कडं ओढून त्याचे एल आकाराचे तुकडे कापा, उभे राहतील आणि ग्लेझ वाहतं का ते कळेल. वरचा अर्धा भाग दोनदा बुडवा, म्हणजे जाडीचा फरक त्याच तुकड्यावर. मागे आयर्न ऑक्साइडनेच नंबर लिहा, पेन्सिल भट्टीत उडून जाते. भट्टीच्या कंट्रोलरवरच्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक फळीवर कोन ५, ६ आणि ७ ठेवा.

ओलीमाती:
लोखंड २ टक्क्यांवर सेलडॉनचा (जुन्या चिनी ग्लेझचा) हिरवट रंग येईल ना?

राखग्लेझ:
इलेक्ट्रिक भट्टीत नाही, मधाळ पिवळाच येईल. तो हिरवा गॅस किंवा लाकडाच्या भट्टीत, हवा कोंडून भाजल्यावर. हिरवाच हवा असेल तर त्याच ग्लेझमध्ये २ टक्के कॉपर कार्बोनेट घाला, पण तो कपाच्या बाहेरूनच. आतून पारदर्शक ठेवा, आंबट पेयात तांबं उतरू शकतं.