मदत हवी आहे: नवीन स्टाफ नर्स, नाईटला एकटी, डॉक्टरांना कितीदा उठवायचं?

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं अन् दोन महिने झाले ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी लागली, गोंदियाकडे. स्टुडंट असताना वाटायचं आपल्याला सगळं येते, पण तेव्हा मागे मॅडम उभी राहायची, आता मागे पाहिलं तर मावशी असते अन् तीच मला विचारते, सिस्टर आता काय करायचं.

मागच्या आठवड्यात रात्री दोनला सापाची केस आली. धानाची रोवणी करून थकलेली बाई खाली झोपली होती, चावल्याची खूणपण नीट दिसेना, पण पापण्या उघडता येत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले मण्यार वाटते, १० व्हायल (छोट्या बाटल्या) एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लाव, अन् गेले लेबर रूमला. प्रत्येक व्हायलमध्ये पावडर, त्यात १० एमएल पाणी, मी घाईत खडखड हलवलं तर नुसता फेस, सिरींजमध्ये पाणी कमी हवाच जास्त, नातेवाईक डोक्यावर उभे अन् एक म्हातारा बोललाच, पोट्टी नवीन दिसते. एएसव्ही टाकलेली सलाईन लागल्यावर बाईला खाज सुटली वाटलं, पण सर आधीच एकदा खेकसले होते म्हणून परत बोलावलं नाही, बाजूला बसून पल्स मोजत राहिली. नशीब पुढे काही झालं नाही, १०८ नं गोंदियाला नेलं, बाई वाचली. सकाळी ओव्हर (पुढच्या शिफ्टला चार्ज) देताना इंचार्ज म्हणे तीन वर्षं काय शिकली.

तेव्हापासून ड्युटीच्या आधी पोटात गोळा येते. तुम्ही सिनियर लोकं सुरुवातीला कसं करत होते? दुसऱ्यांदा फोन करायला लाज वाटते हो.

---

उत्तर (यवतमाळ, २० वर्षं सर्व्हिस): फेस माझापण झाला होता पोरी. व्हायल हलवायची नसते, तळहातात धरून हळू फिरवायची, मावशीला पाण्याचे अ‍ॅम्प्युल फोडून द्यायला लाव. पण खाज सुटली अन् बोलावलं नाही हे चुकलं, ती रिअ‍ॅक्शनची सुरुवात असू शकते, तेव्हा सलाईन थांबवून आधी फोन. रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, अ‍ॅड्रेनलिन, कुठं होतं? अन् फोनवर नुसतं सर या म्हणू नको, बीपी, पल्स, किती व्हायल गेल्या कागदावर लिहून मग बोल, खेकसणारे पण मग येतात. वेळ टाकून नोट्समध्ये लिहीत जा.

---

धागाकर्ती: थँक्यू ताई. अ‍ॅड्रेनलिन कपाटात होतं, चावी इंचार्जकडे. आज परत नाईट आहे, ओव्हर घेतानाच चावी मागते.