काजूच्या बागेत गोचिडी : घरच्या माणसांनी आणि कुत्र्याने कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न (काजू बागायतदार, दोडामार्ग तालुका)

आमची बाग जंगलाला लागून असून फेब्रुवारीपासून मेपर्यंत घरातील सर्वजण काजूबी वेचण्यासाठी तेथे असतात. मोती हा आमचा कुत्राही दिवसभर सोबत असतो. गेल्या रविवारी आईच्या पोटरीवर मोहरीएवढी गोचीड चिकटलेली दिसली. शेजारच्या काकूंनी तिच्यावर रॉकेलचा बोळा धरला. बऱ्याच वेळाने ती सुटली, पण एक काळा ठिपका कातडीतच राहिला. मोतीच्या कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये तर गोचिडींचे घोस आहेत. वर्षाचे उत्पन्न याच दिवसांत हाती येत असल्यामुळे गोचिडी चावल्याने होणाऱ्या माकडतापाची धास्ती असली तरी बाग सोडता येत नाही. काय करावे?

उत्तर (आरोग्य सेविका)

आईंना ताप नाही ना, हे आधी पाहावे. 1957 साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप गेल्या दशकात आपल्या भागातही आला आहे. गोचीड चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत अचानक थंडीताप येतो, डोके ठणकते आणि अंग विलक्षण दुखते. असे झाल्यास अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आई काजूच्या बागेत जातात, त्यांना गोचीड चावली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे शुश्रूषेची भीती बाळगू नये.

रॉकेल किंवा जळती काडी मात्र पुन्हा वापरू नये, कारण डिवचलेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडण्याची शक्यता असते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीला अगदी लागून धरावे, न पिळता सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. राहिलेला ठिपका सहज निघत नसेल तर सुईने कोरू नये. तो पुढे आपोआप बाहेर पडतो.

बागेत जाताना पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत, उघड्या अंगाला गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल लावावे आणि पातेऱ्यावर, म्हणजे वाळक्या पानांच्या थरावर, बसू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी; तेव्हा गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बोटे फिरवून पाहावे, कारण लहान गोचीड डोळ्यांना चटकन दिसत नाही. मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळही जाऊ नये, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. वनखात्याला लगेच कळवावे.

उत्तर (पशुवैद्य)

मोतीच्या गोचिडी नखाने चिरडू नयेत; हातमोजे घालून काढाव्यात आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकाव्यात. तेवढ्याने मात्र भागणार नाही. कुत्र्यांवरील तपकिरी गोचिडीची मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून त्याची झोपण्याची जागाही साफ करावी लागते. औषध त्याच्या वजनानुसार पशुवैद्याकडूनच घ्यावे. घरात मांजर असल्यास अधिकच जपावे, कारण कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे गोचीडनाशक मांजराच्या जिवावर बेतते. मोतीने खाणे सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ते

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज चौथा दिवस असून आईला ताप नाही. रविवारची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे आणि पुढील दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजणार आहोत. मोतीला उद्याच दवाखान्यात नेतो.