पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा तास असावा का?

प्रथमवर्ष (धागाकर्ता): मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तंत्रशिक्षण परिषदेने ठरवून दिलेला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम, म्हणजे नवागतांना महाविद्यालयाची ओळख करून देणारा कार्यक्रम, आम्ही घेतो. परंतु कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीतून प्रवेश मिळालेली मुले येईपर्यंत तो बहुधा उरकलेला असतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी पहिले संपूर्ण सत्र रोज एक वेगळा तास मराठीत घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. प्रात्यक्षिकात सर्किटची जोडणी बिनचूक करणारा मुलगा, बाह्य परीक्षकांनी इंग्रजीत कारण विचारताच गप्प होतो आणि येत असलेल्या विषयाचे गुण गमावतो.

सातपुडा: मी असहमत आहे. आमच्या महाविद्यालयात असा तास होता आणि आठवडाभरातच त्याचे नाव ‘गावाकडचा वर्ग’ पडले. त्या तासाला उठून जाणाऱ्या मुलांकडे उरलेला वर्ग कसा पाहतो, हे शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. पुढे प्रकल्पाचे गट पाडताना मात्र ते लख्ख दिसते. ज्यांना गरज होती, त्यांनीच आधी जाणे सोडले. संकल्पना मुख्य तासातच दोन्ही भाषांत समजावावी आणि तोंडी परीक्षेत मराठी उत्तर ग्राह्य धरावे.

घाटवाट: भाषेइतकीच पैशाची अडचण मोठी आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची रक्कम थेट खात्यात येते. पण खोलीची अनामत आणि मेसचे पैसे पहिल्याच महिन्यात भरावे लागतात. अर्ज भरून घ्यायला महाविद्यालयात एक माणूस नेमला, तरी कित्येकांचे वर्ष वाचेल.

प्रथमवर्ष: अर्जांबाबत पूर्ण सहमती, आणि तोंडी परीक्षेची सूचना मी विभागात मांडणार आहे. तथापि साठ-सत्तरांच्या वर्गात अनेक मुले महाराष्ट्राबाहेरची असताना प्रत्येक संकल्पना दोनदा सांगितली, तर अभ्यासक्रम पुरा होत नाही. मी तास सोडणार नाही. हवे तर तो सर्वांना खुला ठेवू, शंकानिरसनाचा तास म्हणून.

सातपुडा: खुला असेल, तर माझा विरोध बराच कमी होतो. मात्र त्याची हजेरी लावू नये, आणि सबमिशनच्या आठवड्यात तो रद्द करू नये, कारण जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) कसे पूर्ण करायचे हे विचारायला ज्यांना वर्गात कोणी ओळखीचे नसते, त्यांना तेव्हाच त्याची सर्वाधिक गरज असते.