मेरोइटिक अक्षरं दिसतात, मग अंकांच्या जागी चौकोन का?

प्रश्न:
सुदानमधल्या मेरोइटिक (प्राचीन कुश राज्यातली लिपी) लेखांची सूची वेबपानावर टाकायची आहे. कर्सिव्ह (हातलेखनाच्या वळणाची) अक्षरं नीट उमटतात, पण अंकांच्या जागी रिकामे चौकोन येतात. दोन्ही युनिकोडच्या (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक) एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे क्रमांकांच्या गटात, असताना असं का व्हावं? शिवाय लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तर १२३ साठी आधी ३, मग २०, मग १०० असं उलटं टाइप करायचं का? आणि ८० चं चिन्ह कुठे आहे?

उत्तर १:
फॉन्ट जुना असणार. अक्षरं युनिकोड ६.१ मध्ये, २०१२ साली आली. कर्सिव्ह अंक आणि अपूर्णांक अशी ६४ चिन्हं आली ती थेट ८.० मध्ये, २०१५ साली. मधल्या काळातल्या फॉन्टमध्ये त्यांचे आकारच नाहीत. नोटो सान्स मेरोइटिक या फॉन्टची ताजी आवृत्ती वेबफॉन्ट म्हणून पानासोबतच द्या. वाचणाऱ्याकडे तो असेलच असं नाही. फाइल हलकी करायला फॉन्टची काटछाट करत असाल, तर संपूर्ण ब्लॉक ठेवा. नुसती अक्षरं ठेवली की चौकोन परत येतात.

उलटं टाइप मुळीच करू नका. या पद्धतीत स्थानमूल्य नाही. २० साठी एकच चिन्ह, १०० साठी वेगळं, ९,००,००० पर्यंत असंच. १२३ साठी क्रमाने ६८०५०, ६८०४२, ६८०३४ हे दशमान संकेतांक द्या (स्प्रेडशीटमध्ये युनिचार सूत्र चालतं). पडद्यावर शंभर आपोआप सगळ्यात उजवीकडे जातो. हाताने उलटवलं तर दिसायलाही उलटं, साठवलेला क्रमही चुकीचा, आणि मग शोध बिघडतो.

८० आणि ९० च्या जागा, ६८०४८ आणि ६८०४९, मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. तिथे स्वतःचं चिन्ह बसवू नका.

उत्तर २:
दिशेबद्दल एक भर. मेरोइटिक संख्येनंतर जागा सोडून 1909 असा इंग्रजी आकडा आला, तर तो उडी मारून तिच्या डावीकडे जाऊन बसतो. देवनागरी १९०९ जागचा हलत नाही, कारण युनिकोड त्याला डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षरासारखं वागवतं. प्रत्येक मेरोइटिक तुकडा एचटीएमएलच्या बीडीआय टॅगमध्ये (आतल्या मजकुराची दिशा बाहेरच्यापासून वेगळी ठेवणारा) गुंडाळा, म्हणजे दोन्ही वेळा क्रम शाबूत राहतो.

प्रश्नकर्ता:
फॉन्ट बदलल्यावर चौकोन गेले, आभार! पण मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठवताना मेरोइटिक चिन्हांवर एरर येते. पायथॉनमध्येही आकड्यात रूपांतर होत नाही.

उत्तर ३:
मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ (चिन्हं साठवायची पद्धत) एका चिन्हाला तीनच बाइट देतं, या चिन्हांना चार लागतात. टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ करा; एकच बदललं तर एरर तशीच राहते.

पायथॉनमध्ये इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) चालणार नाही, कारण हे दशमान अंक नव्हेत. युनिकोडडेटा मॉड्यूलचं न्यूमेरिक प्रत्येक चिन्हाची किंमत देतं. त्या किमतींची बेरीज करा: १०० + २० + ३. अपूर्णांक बाराव्या भागांचे आहेत. त्यात अर्धा (६८०२९) आणि सहा बारांश (६८०९१) ही वेगळी चिन्हं आहेत, पण दोघांची किंमत ०.५ च येते. नॉर्मलायझेशन (समान चिन्हं एकाच रूपात आणणं) त्यांना एक करत नाही, म्हणून मूळ चिन्ह आणि किंमत वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. नुसती किंमत ठेवलीत, तर लेखात कोणतं चिन्ह होतं ते परत कळायचं नाही.