ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल केली, आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ऐकत नाही. ठाणे-नवी मुंबईत कोणाला दाखवू?

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. २०११ ची पेट्रोल सेडान आहे, चार गिअरची ऑटोमॅटिक. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, त्यामुळे विकायला मन धजत नाही. गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अडकली आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीजवळ पोचला, म्हणून कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, पेडल असा सगळा संच आणून ठाण्यातल्याच एका गॅरेजमध्ये बसवून घेतला.

गिअर छान पडतात, क्लच हलका आहे. पण चेक इंजिनचा दिवा विझत नाही. स्पीडोमीटर शून्यावर. माजिवड्याच्या सिग्नलला क्लच दाबून थांबायला गेलं की आयडलिंग खाली बसतं आणि गाडी बंद. गायमुखच्या चढावर कितीही रेस द्या, ३,००० आरपीएमच्या वर जात नाही. आणि गाडी गिअरमध्ये असली तरी सेल्फ लागतो. मित्राच्या ब्लूटूथ स्कॅनरवर बिघाडाचे तीन कोड आले: यू०१०१, पी०५००, पी०७०५.

गॅरेजवाले म्हणतात ईसीएम बदला. दुसरे एक जण म्हणतात रिमॅप करून, म्हणजे ईसीएमचा प्रोग्राम बदलून, कोड बंद करून टाका. रोज महापेला जातो, ऐरोली पुलावर बंद पडली तर काय, ही धास्ती घेऊनच निघतो. चांगला माणूस सुचवा, आणि आधी काय करून घेऊ तेही सांगा.

ऐरोली_सेक्टर८
दादा, बाकी सगळं नंतर, सेल्फचं आज करा. गिअरमध्ये सेल्फ लागतो म्हणजे गॅरेजवाल्यांनी न्यूट्रल स्विचच्या (ऑटोमॅटिकमध्ये गिअर कुठे आहे ते सांगणाऱ्या) दोन वायरी जोडून टाकल्यात. आमच्या सोसायटीत अशीच एक गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी होती, मुलाने खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि गाडी भिंतीवर गेली. क्लच पेडलवर स्विच बसवून सेल्फच्या रिलेची वायर त्यातून घ्या. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागताच कामा नये.

तुर्भे_वायरिंग
वर ताईंनी सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. मी तुर्भे एमआयडीसीत बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय, अशा सात-आठ गाड्या हातून गेल्यात. ईसीएम खराब नाही. त्याला गिअरबॉक्स बदललाय हे कोणी सांगितलेलंच नाही, एवढंच आहे.

यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी, टीसीएमशी, बोलणं तुटलं. तुमचा टीसीएम काढून ठेवलाय, पण ईसीएम कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींवर त्याची वाट बघतोय. उत्तर येत नाही म्हणून तो गाडीला जपायला थ्रॉटल आवरून धरतो. ३,००० ला अडकण्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण तेच जोडलेलं न्यूट्रल. सतत न्यूट्रल दिसत असेल तर बरेच ईसीएम आरपीएम वर जाऊ देत नाहीत, कारण उभ्या गाडीत कोणी इंजिन ताणू नये म्हणून तशी मर्यादा घातलेली असते. दोन्हींतलं कोणतं, हे अंदाजाने ठरवू नका. नीट स्कॅनर लावून चालत्या गाडीत लाइव्ह डेटा बघा. चौथ्या गिअरमध्ये असताना तिथे पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) दिसलं तर उत्तर मिळालं. पी०७०५ पण त्याच स्विचचा आहे.

पी०५०० म्हणजे गाडीचा वेग कळत नाही. स्पीडोमीटर बंद असण्यामागे आणि सिग्नलला बंद पडण्यामागे बहुतेक हेच एक कारण आहे. गाडी थांबत येतेय हे ईसीएमला वेगावरून कळतं, मग तो आयडलिंग सांभाळून घेतो. वेगच शून्य दिसला तर ती तयारी होत नाही. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर अनेकदा दोन वायरींचा सेन्सर असतो, मॅन्युअलवर तीन वायरींचा, चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर. दोघांचा सिग्नल वेगळा असतो, जुना कपलर कापून तसाच जोडला तर चालत नाही. पुढचं चाक जॅकवर उचला, इग्निशन ऑन करा, सिग्नलच्या वायरीला मीटर लावा आणि चाक हळू फिरवा. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर सेन्सर जिवंत आहे, वायर पुढे कुठे जाते तेवढं बघायचं.

इंजिन मिसिंग करत नसेल आणि एका सेल्फमध्ये चालू होत असेल, तर फ्लायव्हील बरोबर आलंय. काही इंजिनांत क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते सांगणारा) फ्लायव्हीलचे दात वाचतो, तिथे चुकीचं फ्लायव्हील आलं की वेगळीच डोकेदुखी.

आता ईसीएम. तुमच्या इंजिनाचा मॅन्युअल मॉडेलमधला ईसीएम मिळाला तर तो सर्वांत सरळ मार्ग. पण पार्ट नंबर जुळवून घ्या आणि एकटा ईसीएम कधीही आणू नका. त्याच गाडीचा इमोबिलायझर (चावी ओळखणारा चोरीविरोधी भाग) आणि चावी सोबत हवी. कोड नुसते बंद करून घेऊ नका, त्याने दिवा विझेल, पण गाडी सिग्नलला बंद पडणं थांबणार नाही. टीसीएम परत लावून, सोलेनॉइडच्या (ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) जागी रेझिस्टन्स जोडून त्याला फसवणारेही भेटतील. सहा महिन्यांनी एक सांधा सुटला की ती वायरिंग कोणालाच कळत नाही.

माझ्याकडे आणा असा आग्रह नाही. वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीचे एक चांगले इलेक्ट्रिशियन आहेत, तुम्हाला ते जवळ पडतील. नाव व्यनि (खाजगी निरोप) करतो. कोणाकडेही जा, एकच विचारा: 'या मॉडेलच्या मॅन्युअलचं वायरिंग डायग्राम आहे का?' नसेल तर गाडी तिथे ठेवू नका.

खारघर_हिल
इमोबिलायझरच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. मी एकटा ईसीएम आणला होता. सेल्फ फिरायचा, गाडी एक सेकंद चालू व्हायची आणि बंद. चावी मॅच करून घेईपर्यंत तीन आठवडे गाडी घराखाली उभी होती, आणि त्या काळात आईला डायलिसिसला रिक्षाने न्यावं लागलं. कृपा करून संचच घ्या.

आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, पोच जपून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. एकदा आरटीओतही विचारून घ्या, तुमची एमएच-०४ असेल तर ठाण्यालाच.

कासारवडवलीकर
उशिरा लिहितोय, पण सगळ्यांचे मनापासून आभार. वागळे इस्टेटमधल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी लॅपटॉपवर डायग्राम उघडून दाखवलं, मगच बॉनेट उघडलं. चौथ्या गिअरमध्ये लाइव्ह डेटात एन दिसत होतं. वेगाच्या सेन्सरची सिग्नल वायर कपलरमध्ये बसलेलीच नव्हती, नुसती टेपखाली गुंडाळलेली. ती जोडल्यावर त्याच संध्याकाळी माजिवड्याला गाडी बंद पडली नाही. क्लचचा स्विच पण बसला.

ईसीएम, इमोबिलायझर आणि चावीचा संच दोन आठवड्यांनी कुर्ल्याहून मिळाला. काल गायमुखला तिसऱ्या गिअरमध्ये ४,५०० पर्यंत गेली. बाबा शेजारी बसले होते.

दोन गोष्टी राहिल्यात. इंजिनमध्ये आता एकही कोड नाही, पण एबीएसमध्ये (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) यू०१०१ अजून दिसतोय. दिवा लागत नाही. आणि रिव्हर्सचा लाइट बंद आहे.

तुर्भे_वायरिंग
छान झालं. एबीएसचा कॉम्प्युटर वेगळा, तोही टीसीएमला शोधतोय. ब्रेक नीट लागत असतील आणि दिवा नसेल तर घाई नाही, कोडिंग होतं का ते काकांना विचारा. रिव्हर्सचा लाइट पूर्वी ऑटोमॅटिकच्या स्विचवरून यायचा, आता गिअरबॉक्सवर दोन वायरींचा स्वतःचा स्विच असेल. तो जोडलेला नाही. रात्री सोसायटीत मागे घ्यायच्या आधी तेवढं करून घ्या.