धडक ठीकठाक? नाही पटलं ब्वॉ

कोणीतरी म्हटलंय की सैराट बघितला नसेल तर त्याचा हिंदी रिमेक धडक बरा वाटतो, पण मला तर तो तसाही फुसकाच वाटला असता. अहो सैराटमध्ये पाटलाची पोरगी बुलेट नि ट्रॅक्टर चालवत येते तेव्हाच तिच्या बापाचं गावात काय वजन आहे ते कळतं, ते सगळं उचलून २०१८ मध्ये उदयपूरच्या हवेलीत नेलं आणि जात वाटेतच कुठेतरी सांडली, मग राडा नेमका कशावरून तेच कळेना. झिंगाट गाणं ठेवलं हिंदी करून.

सैराटवाल्या नागराज मंजुळेचा माझा फेवरेट पिक्चर मात्र फँड्रीच. डुक्कर पकडायची पळापळ चाललीय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि पिक्चरचा हिरो, शाळकरी पोरगा जब्या जागच्या जागी ताठ उभा, मग घरचे पण, आता डुक्कर थोडंच थांबणारे? हसू येतं आणि लगेच लाज पण वाटते राव.

नागराजच्याच झुंडचा फर्स्ट हाफ कडक, ती झोपडपट्टीतली फुटबॉलवाली पोरं एकदम खरी. पण इंटरव्हलनंतर पासपोर्ट-व्हिसाच्या भानगडीत पिक्चर ताणलाच खूप, अमिताभ असूनही मी दोनदा घड्याळ बघितलं.