वन बीएचकेत व्हीआर: आधी पंखा बघा

१० बाय १२ च्या हॉलमध्ये सोफा, दिवाण, टीव्ही सगळं असताना व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचे गेम) जमेल का असं विचारलंय, तर जमतं, मी ठाण्यात वन बीएचकेत दोन वर्षं खेळतोय. मेटा क्वेस्ट या हेडसेटला रूमस्केलसाठी, म्हणजे चालत-फिरत खेळायला, साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते, सोफा भिंतीला टेकवला नि टीपॉय हलवला की तेवढी निघते. टीपॉय मात्र फोल्डिंगचाच घ्या, रोज ओढाताण करावी लागली की आठवड्यात हेडसेट कपाटात जातो.

पण जमिनीआधी वर बघा. हेडसेटमध्ये आपण आखतो ती बाउंड्री, म्हणजे खेळायच्या जागेची सीमा, आजूबाजूची असते, पंख्याबद्दल ती काही सांगत नाही. बीट सेबर (हात फिरवून ठोकळे कापायचा गेम) खेळताना माझा हात वर गेला आणि पातं थेट बोटांवर बसलं, नख महिनाभर काळं होतं. आता सीलिंग फॅन बंद आणि टीव्हीजवळ टेबल फॅन, त्याचा फायदा असा की वारा तोंडावर येतोय म्हणजे तोंड टीव्हीकडे आहे हे डोळे झाकलेले असतानाही कळतं. पायाखाली योगा मॅटचा चौकोनी तुकडा टाका, कड लागली की मध्ये सरकायचं. सतरंजी नको, ती फरशीवर घसरते.

कपाटाला मोठा आरसा असेल तर चादर टाका, नाहीतर ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेटला तुमची हालचाल कळणं, गंडतं. आणि हेडसेट गॅलरीच्या उन्हात कध्धीच ठेवू नका प्लीज, लेन्समधून ऊन गेलं की आतला डिस्प्ले जळतो.

घरात लहान मूल असेल तर कुणीतरी मोठं माणूस समोर बसलेलं असल्याशिवाय हेडसेट घालूच नका.